ऋतुराजला १८ कोटी आणि पृथ्वीला ७५ लाख! आयपीएलच्या टीम पुढच्या तीन वर्षांचा हिशोब नेमका कसा मांडतात?

पुण्याहून लोणावळ्याकडे एक्स्प्रेस वेने निघालात की मावळ तालुक्याच्या हद्दीत गहुंजेचं स्टेडियम दिसतं. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं हे घरचं मैदान. महाराष्ट्राच्या टीमकडून सध्या खेळणारे दोन बॅट्समन घ्या. एक आपला पिंपरी-चिंचवडचा ऋतुराज गायकवाड. दुसरा विरारचा पृथ्वी शॉ, जो २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला.

ड्रेसिंग रूम एकच, पण आयपीएलमधली त्यांची किंमत बघा. २०२२ च्या मेगा लिलावाआधी दिल्लीने पृथ्वीला साडेसात कोटी देऊन टीममध्ये ठेवलं होतं. त्याच वेळी चेन्नईने ऋतुराजला ठेवलं ते ६ कोटींना. म्हणजे तेव्हा पृथ्वी दीड कोटीने पुढे होता. तीन वर्षांनी चित्र पूर्ण उलटं झालं. चेन्नईने ऋतुराजला १८ कोटी दिले. पृथ्वीवर जेद्दाहच्या लिलावात ७५ लाखांच्या बेस प्राइसलाही कुणी हात वर केला नाही. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीच्या लिलावात दिल्लीने त्याला परत घेतलं, तेही त्याच ७५ लाखांत.

आता तुम्ही म्हणाल, सरळ आहे, एकाने रन काढले, दुसऱ्याने नाही काढले. हे खरंच आहे, पण अर्धंच. कारण टीम पैसे मोजते ते झालेल्या रन्सचे नाही, तर अजून न झालेल्या रन्सचे. उरलेलं अर्धं उत्तर आहे ‘रिटेन्शन’ या शब्दात.

रिटेन करणं म्हणजे नेमकं काय?

आयपीएलमध्ये साधारण तीन वर्षांनी मेगा लिलाव होतो. सगळ्या टीम मोडतात आणि नव्याने बांधल्या जातात. पण त्याआधी प्रत्येक टीमला आपले काही प्लेयर लिलावात न पाठवता स्वतःकडे ठेवता येतात. हेच रिटेन्शन.

२०२५ च्या मेगा लिलावाआधी नियम असा होता की रिटेन्शन आणि राइट टू मॅच कार्ड मिळून जास्तीत जास्त सहा प्लेयर ठेवता येतील. त्यात इंटरनॅशनल खेळलेले, म्हणजे कॅप्ड, कमाल पाच आणि अनकॅप्ड कमाल दोन.

आता पैशांचं बघू. प्रत्येक टीमच्या हातात १२० कोटींची पर्स होती. पहिला कॅप्ड प्लेयर ठेवला की पर्समधून १८ कोटी कापले जाणार. दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ११. चौथ्याला पुन्हा १८ आणि पाचव्याला १४. अनकॅप्ड असेल तर ४ कोटी. पाचही कॅप्ड ठेवले तर ७५ कोटी गेले.

इथे एक बारकावा आहे. टीमने कुणाला किती द्यायचे हे स्लॅबप्रमाणेच असायला हवं असं नाही. एकूण रकमेत बसवून आपापसात वाटून देता येतं. हैदराबादने क्लासेनला २३ कोटी दिले, कमिन्सला १८, अभिषेक शर्मा आणि ट्रॅव्हिस हेडला १४-१४ आणि नितीश रेड्डीला ६. बेरीज करा, बरोबर ७५. मुंबईने बुमराहला १८, सूर्या आणि हार्दिकला १६.३५ - १६.३५, रोहितला १६.३० आणि तिलक वर्माला ८ कोटी दिले. पुन्हा ७५.

उलट दिल्लीने अक्षर, कुलदीप आणि स्टब्ज या तिघांना मिळून ३९.७५ कोटीच दिले. पण तीन कॅप्ड प्लेयरचा स्लॅब ४३ कोटींचा, म्हणून पर्समधून ४३ कोटीच कापले गेले. थोडक्यात, स्वस्तात पटवलं तरी पर्स वाचत नाही, आणि महागात ठेवलं तर जास्तीचे पैसे पर्समधूनच जातात.

चेन्नईच्या घरखर्चाचा हिशोब

हे सगळं समजून घ्यायला चेन्नईचं उदाहरण सोपं आहे. त्यांनी ऋतुराज आणि जडेजाला १८-१८ कोटी दिले. पथिरानाला १३ आणि शिवम दुबेला १२. हे झाले चार कॅप्ड, एकूण ६१ कोटी. धोनीसाठी त्यांनी अनकॅप्डचा नियम वापरला. पाच वर्षांत इंटरनॅशनल मॅचच्या प्लेइंग इलेव्हनमध्ये नसलेला आणि बोर्डाचा वार्षिक करार नसलेला भारतीय प्लेयर अनकॅप्ड धरला जाईल, असा तो नियम. त्यामुळे धोनी आला ४ कोटींना.

पाच जणांवर गेले ६५ कोटी. उरले ५५. टीम २५ जणांची करायची तर अजून २० जण हवेत. म्हणजे माणशी सरासरी पावणेतीन कोटी. त्यात ओपनर हवा, स्पिनर हवा, डेथ ओव्हरचा बॉलर हवा, बॅकअप विकेटकीपर हवा. चेन्नईने नूर अहमदवर १० कोटी आणि अश्विनवर ९.७५ कोटी लावले, म्हणजे दोघांतच जवळपास २० कोटी संपले.

महिन्याच्या १ तारखेला पगार झाला आणि त्याच दिवशी घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि शाळेची फी गेली की उरलेल्या पैशांत महिना काढायचा असतो. टीमचंही तसंच. रिटेन्शन म्हणजे १ तारखेचे हप्ते. ते कुणाचे आणि किती हे एकदा ठरलं की बाकीची टीम कशी होणार हे बऱ्यापैकी ठरून जातं.

बरं, ही पर्स हळूहळू वाढत जाते. २००८ मध्ये ती ५० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण २० कोटी होती. २०१८ मध्ये ८० कोटी, २०२२ मध्ये ९० कोटी, २०२५ मध्ये १२० कोटी. शिवाय लिलावाची पर्स, मॅच फी आणि कामगिरीवर मिळणारे पैसे धरून एकूण पगाराची मर्यादा बोर्डाने तीन वर्षांसाठी आधीच जाहीर केलीय. २०२५ साठी १४६ कोटी, २०२६ साठी १५१ कोटी आणि २०२७ साठी १५७ कोटी.

हा आकडा आधी माहीत असणं महत्त्वाचं आहे. ऋतुराजचे १८ कोटी २०२५ च्या १२० कोटींच्या पर्समध्ये १५ टक्के होतात. २०२६ ला पर्स १२५ कोटींची झाली की तेच १८ कोटी १४.४ टक्क्यांवर येतात. पगार तेवढाच राहतो, पण टीमवरचा त्याचा भार दर वर्षी हलका होतो. चांगला प्लेयर लवकर आणि पक्क्या रकमेला ठेवण्याचा फायदा हा असा.

अमेरिकेत हाच खेळ पंधरा-पंधरा वर्षांचा असतो

हे गणित सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुठे खेळलं जात असेल तर ते अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. तिथल्या मेजर लीगमध्ये नवीन आलेला प्लेयर साधारण सहा वर्षं आपल्या टीमला बांधलेला असतो. पहिली तीन वर्षं त्याला जवळपास किमान पगार मिळतो. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगारावर टीमशी एकमत झालं नाही तर लवाद आकडा ठरवतो. सहा वर्षं भरली की प्लेयर मोकळा, हव्या त्या टीमकडे हव्या त्या पैशांत जाऊ शकतो.

मग टीम काय करते? प्लेयर मोकळा व्हायच्या कितीतरी आधी त्याच्यासमोर लांबचा करार ठेवते. यालाच तिकडे करार वाढवणं, म्हणजे काँट्रॅक्ट एक्स्टेन्शन म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँड टीमच्या जॉन हार्ट यांनी ही पद्धत रुळवली. २००८ मध्ये टँपा बेने तर कमालच केली. इव्हान लाँगोरिया नावाच्या पोराला लीगमध्ये येऊन आठवडाही झाला नव्हता, तोच त्याच्याशी सहा वर्षांचा १ कोटी ७५ लाख डॉलरचा करार करून टाकला.

मावळात इंद्रायणी भात पिकतो. समजा एखाद्या शेतकऱ्याने पीक शेतात उभं असतानाच व्यापाऱ्याशी भाव ठरवून टाकला. उद्या भाव वाढला तर फायदा व्यापाऱ्याचा. पण अवकाळी पाऊस झाला, भात आडवा झाला, तरी ठरलेले पैसे शेतकऱ्याच्या हातात. बेसबॉलचा लांबचा करार हा असाच उभ्या पिकाचा सौदा आहे. प्लेयर थोडे कमी पैसे घेतो आणि त्या बदल्यात पुढची चिंता टीमच्या डोक्यावर टाकतो.

एप्रिल २०१९ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने असे दोन सौदे लागोपाठ केले. रोनाल्ड अकुन्याशी आठ वर्षांचे १० कोटी डॉलर आणि ओझी अल्बिजशी सात वर्षांचे साडेतीन कोटी डॉलर. अल्बिजने फारच स्वस्तात सही केली म्हणून तेव्हा चांगलाच गाजावाजा झाला. अकुन्याचंही पुढे बघा. २०२३ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम प्लेयर ठरला, म्हणजे टीमला तो फुकटात पडला म्हणायचं. पण त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट २०२१ मध्ये फाटलं आणि २०२४ मध्ये दुसऱ्या गुडघ्याचंही फाटलं. दोन्ही वेळा सीझन अर्ध्यात संपला, तरी त्याचा पगार थांबला नाही. कारण करारातले पैसे पक्के होते.

आता उलट उदाहरण. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने हुआन सोटोला १५ वर्षांचे ४४ कोटी डॉलर देऊ केले. तो नाही म्हणाला. टीमने त्याला दुसरीकडे पाठवून दिलं. डिसेंबर २०२४ मध्ये मोकळा झाल्यावर त्याने न्यूयॉर्क मेट्सशी सही केली, १५ वर्षांचे साडेशहात्तर कोटी डॉलर! त्याने पिकाचा भाव वाढेल यावर पैज लावली आणि ती जिंकली. पण मधल्या अडीच वर्षांत गुडघा गेला असता तर ४४ कोटींवर पाणी सोडावं लागलं असतं.

मग बेसबॉलच्या टीमला पर्स नसते का?

नसते. तिथे आयपीएलसारखी वरची पक्की मर्यादा नाही. पण ठरावीक रकमेच्या वर गेलात तर दंडासारखा कर लागतो. २०२५ मध्ये ही रेषा २४ कोटी १० लाख डॉलरवर होती. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के.

हा कर मोजताना करारातली वार्षिक सरासरी धरतात. त्यामुळे तेवढेच पैसे जास्त वर्षांत पसरले की दर वर्षीचा आकडा खाली येतो. पंधरा वर्षांचे करार होतात त्यामागे हेही एक कारण आहे. चाळिशीत हा माणूस किती खेळणार हे टीमला माहीत असतं. ती पैसे लांबवते, कारण आजचा हप्ता कमी बसतो.

शोहेई ओहतानीचा करार तर या कलेचा कळस आहे. डॉजर्सशी १० वर्षांचे ७० कोटी डॉलर ठरले. पण त्यातले ६८ कोटी त्याला मिळणार २०३४ ते २०४३ या काळात. आता दर वर्षी फक्त २० लाख डॉलर. पैसे उशिरा मिळणार म्हणून करासाठी त्याची वार्षिक किंमत ७ कोटी न धरता साधारण ४.६ कोटी डॉलर धरली जाते. उरलेल्या जागेत टीमला बाकीचे स्टार घेता आले.

आयपीएलमध्ये ही उधारी चालत नाही. या वर्षीचा पगार या वर्षीच्या पर्समधूनच.

आयपीएलमध्ये धोका कुणाच्या खांद्यावर?

खरी गोम इथे आहे. आपण बातमीत वाचतो ‘ऋतुराज १८ कोटी’. ही रक्कम एका सीझनची असते. मेगा लिलावाचं चक्र तीन वर्षांचं असतं म्हणून आपल्याला वाटतं की प्लेयरला तीन वर्षांचे ५४ कोटी पक्के मिळाले. तसं नाही. दर वर्षी सीझन संपला की टीमकडे दोन रस्ते असतात. एक, त्याच पैशांत पुढे ठेवायचं. दोन, सोडून द्यायचं. हा निर्णय टीमचा.

म्हणजे बघा, भाव पडला तर व्यापारी सौदा मोडू शकतो. आणि भाव वाढला तर?

तर रिंकू सिंगला विचारा. २०२३ मध्ये त्याने शेवटच्या ओव्हरमध्ये पाच सिक्स मारून गुजरातविरुद्ध मॅच काढली. रातोरात स्टार झाला. पण २०२२ च्या लिलावात त्याची किंमत ५५ लाख ठरली होती आणि पुढचा मेगा लिलाव येईपर्यंत तीच राहिली. मग कोलकात्याने त्याला ठेवलं ते थेट १३ कोटींना. ऋतुराजचंही तसंच होतं. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांना घेतलं होतं. २०२१ मध्ये त्याने ६३५ रन काढून ऑरेंज कॅप मिळवली, चेन्नई चॅम्पियन झाली. तो सीझन तो खेळला २० लाखांच्या लिलाव किमतीवर. मार्च २०२४ मध्ये तो धोनीनंतर कॅप्टन झाला तेव्हा त्याची किंमत होती ६ कोटी.

आता दुसरी बाजू. कोलकात्याने २०२५ च्या मेगा लिलावात व्यंकटेश अय्यरवर २३.७५ कोटी लावले. एकाच सीझननंतर त्याला सोडलं. पुढच्या लिलावात बंगळुरूने त्याला घेतलं ७ कोटींना. जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात राजस्थानला गेला, तेव्हा त्याची रक्कम १८ वरून १४ कोटींवर आली.

बेसबॉलमध्ये लांबच्या कराराचा धोका टीम उचलते. आयपीएलमध्ये तो प्लेयरच्या खांद्यावर राहतो. प्लेयरच्या हातात खरी ताकद येते ती मेगा लिलावाच्या आधी, जेव्हा तो टीमला म्हणू शकतो की मला नका ठेवू, मी लिलावात जातो. ऋषभ पंत दिल्लीतून बाहेर पडला आणि लखनौने त्याच्यावर २७ कोटी लावले. पण ही संधी तीन वर्षांतून एकदाच येते. त्या वेळी तुमचा फॉर्म कसा आहे, यावर पुढची तीन वर्षं ठरतात.

पृथ्वी शॉचं नेमकं इथेच बिनसलं. मेगा लिलाव आला तेव्हा तो सगळ्यात खाली होता. वर्षभराने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने महाराष्ट्राकडून रणजीमध्ये चंडीगडविरुद्ध १५६ बॉलमध्ये २२२ रन ठोकले. पण तोपर्यंत सगळ्या टीमच्या पर्स बांधल्या गेल्या होत्या. मिनी लिलावात उरलेल्या पैशांत उरलेल्या जागा भरल्या जातात. तिथे ७५ लाख मिळाले, हेच खूप झालं.

आणि पुण्याच्या टीमचं काय?

गहुंजेच्या मैदानाने दोन आयपीएल टीम पाहिल्या आणि दोन्ही गेल्या. २०१० मध्ये सहाराने ३७ कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स घेतली. २०१२ पासून ती गहुंजेत खेळू लागली. पण फ्रँचायझी फीवरून बोर्डाशी वाद पेटला. २०१३ च्या मेमध्ये सहाराने अंग काढून घेतलं आणि त्याच वर्षी करार रद्द झाला.

दुसरी टीम आली ती चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली म्हणून. संजीव गोएंका यांनी उलट्या बोलीत उणे १६ कोटी लावून पुण्याची टीम घेतली. म्हणजे बोर्डाकडून वाटा घ्यायचा सोडून वर दर वर्षी १६ कोटी बोर्डालाच द्यायचे! डिसेंबर २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पुण्याने धोनी, रहाणे, अश्विन, स्मिथ आणि डुप्लेसी घेतले. पर्समधून कापले गेले १२.५, ९.५, ७.५, ५.५ आणि ४, एकूण ३९ कोटी. ६६ पैकी उरले २७. पहिल्या वर्षी टीम आठात सातवी आली. त्या वर्षी दुष्काळामुळे हायकोर्टाच्या आदेशाने महाराष्ट्रातल्या मॅच एप्रिलनंतर बाहेर गेल्या, ते वेगळंच.

२०१७ मध्ये मात्र टीमने बाजी पलटवली. बेन स्टोक्सवर १४.५ कोटी लावले आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम प्लेयर ठरला. पण खरी कमाई स्वस्तात झाली. महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी १० लाखांत मिळाला आणि त्याने ३९१ रन काढले. जयदेव उनाडकट ३० लाखांत मिळाला आणि त्याने २४ विकेट काढल्या. फायनलमध्ये पुणे मुंबईकडून एका रनने हरलं.

कुठल्याही टीमसाठी हे सोन्याचं घबाड असतं. चाळीस लाखांत एक ओपनर आणि एक मुख्य बॉलर, दोघांना पुढे ठेवलं की बाकीचे पैसे मोकळे. पण पुण्याला ‘पुढे’ नव्हतंच. दोन वर्षं संपली, टीम बंद झाली, सगळे लिलावात गेले. राजस्थानने २०१८ मध्ये उनाडकटवर ११.५ कोटी आणि त्रिपाठीवर ३.४ कोटी लावले. पुण्याने शोधलेल्या मालाचा भाव दुसऱ्यांनी मोजला.

उनाडकटची पुढची गोष्टही ऐका. एका वर्षाने राजस्थानने त्याला सोडलं आणि परत घेतलं ८.४ कोटींना. पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं ३ कोटींना. टीम तीच, प्लेयर तोच, दोन वर्षांत ११.५ चे ३ झाले. बेसबॉलमधला पक्का करार असता तर हे झालंच नसतं.

जास्त प्लेयर ठेवले की टीम जिंकते का?

२०२५ चा सीझन बघा. सगळ्यात कमी खर्च पंजाबने केला. दोनच अनकॅप्ड ठेवले, शशांक सिंग आणि प्रभसिमरन. हातात उरले ११०.५ कोटी. दुसरा नंबर बंगळुरूचा. कोहली २१, पाटीदार ११ आणि यश दयाल ५, उरले ८३ कोटी. फायनल या दोघांतच झाली आणि बंगळुरूने पहिल्यांदा कप उचलला.

राजस्थानने सहाही जण ठेवले, ७९ कोटी घातले आणि ते नववे आले. चेन्नई दहावी आली, इतिहासात पहिल्यांदा शेवटची.

यावरून ‘कुणालाच ठेवू नका’ असा नियम काढायचा का? अजिबात नाही. मुंबईने ७५ कोटी रिटेन्शनवर घालूनही प्लेऑफ गाठलं. शिवाय एका सीझनवरून नियम बनत नाही. पण एक गोष्ट दिसते. पाच जणांवर निम्म्याहून जास्त पर्स लावली की त्या पाचांपैकी एकही घसरून चालत नाही. चेन्नईचा १८ कोटींचा कॅप्टन पाच मॅचनंतर कोपराच्या दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी आला विरारचाच १७ वर्षांचा आयुष म्हात्रे, ३० लाखांत. सात मॅचमध्ये त्याने २४० रन काढले.

चेन्नईच्या हातात आता २०१९ चा ऋतुराज पुन्हा आलाय. २०२६ साठी त्यांनी आयुषला ठेवलं, अर्थात त्याच ३० लाखांत.

गहुंजेत खेळणाऱ्या पोरांसाठी याचा अर्थ काय?

जून २०२३ पासून गहुंजेत महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पहिल्याच वर्षी सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने नाशिककडून खेळताना ऋतुराजच्या पुणेरी बाप्पा टीमविरुद्ध ५४ बॉलमध्ये ११७ रन मारले. सहा महिन्यांत लखनौने त्याला २० लाखांना घेतलं. रस्ता उघडलाय, एवढं नक्की.

आता लिलावातली सगळ्यात कमी बेस प्राइस ३० लाख आहे. पण २०२५ पासून त्याहून मोठा बदल झालाय तो मॅच फीचा. प्लेइंग इलेव्हनमध्ये असलेल्या प्रत्येकाला मॅचमागे साडेसात लाख मिळतात, तेही लिलावाच्या रकमेशिवाय. चार मॅच खेळला की ३० लाखांचा पोरगा ६० लाखांवर जातो. लीगच्या चौदाही मॅच खेळला तर फीचेच १ कोटी ५ लाख होतात. रिंकू किंवा २०२१ च्या ऋतुराजवर जी वेळ आली होती, ती यामुळे थोडी तरी सुसह्य झाली.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. तीन वर्षांत किंमत वाढली तर फायदा टीमचा, पडली तर तोटा प्लेयरचा.

म्हणून पुढच्या वेळी रिटेन्शनची यादी आली की नुसता सगळ्यात मोठा आकडा बघून शेअर करू नका. तीन गोष्टी बघा. या रकमेनंतर टीमच्या पर्समध्ये किती उरले आणि त्यात किती जागा भरायच्या आहेत? हा प्लेयर पुढची तीन वर्षं वर जाणार आहे की खाली? आणि तो मध्येच जखमी झाला किंवा फॉर्म गेला, तर नुकसान कुणाचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टीमप्रमाणे बदलतात. तिसऱ्याचं उत्तर आयपीएलमध्ये बहुतेक वेळा एकच असतं. महाराष्ट्राच्या ड्रेसिंग रूममधल्या त्या दोघांपैकी एकाला ते आज नक्की माहीत आहे. दुसऱ्याला ते पुढच्या मेगा लिलावात कळेल.